झांकीच्या फोटोचं उजवं टोक

लक्ष्मीबाई सकाळी साडेदहाला आल्या, तेव्हा चारुलता ओट्यापाशी उभी राहून आपल्या डब्यांकडे कौतुकानं बघत होती. डबे जुनेच होते, नव्या होत्या त्या चिठ्ठ्या. जिरे, मोहरी, मेथी, धणे, ओवा, बडीशेप. एकेक चिठ्ठी पांढरीशुभ्र, जाड, काठ सरळ कापलेले, आणि वर तिच्या ठसठशीत अक्षरात नाव. असला गुळगुळीत कागद बाजारात मिळत नाही, आणि मिळाला असता तरी चारुलता तो विकत घेणाऱ्यातली नव्हती.

कागद फोटोंचा होता. म्हणजे फोटोंच्या पाठीचा.

त्याचं असं झालं, की नणंदबाई मंजुषा नवऱ्याच्या कंपनीच्या कृपेनं तीन महिने सिंगापूरला राहून आल्या होत्या आणि येताना एक लठ्ठ, कोऱ्या पानांची वही आणि दातेरी कात्री घेऊन आल्या होत्या. 'याला स्क्रॅपबुक म्हणतात, वहिनी,' त्यांनी पार्सलासोबतच्या पत्रात लिहिलं होतं. 'नानांच्या पंचाहत्तरीला सगळे जुने फोटो यात लाव. नानांना कळू देऊ नकोस. आणि अख्खा फोटो नको चिकटवूस, ते फार ओल्ड फॅशन दिसतं. माणूस तेवढा कापून घ्यायचा, बाकीचं काढून टाकायचं.'

तेव्हा तीन आठवडे, दुपारी सासरे, म्हणजे नाना, झोपले की, चारुलता त्यांच्या ट्रंकेतले फोटो काढून माणसं कापत होती. कुणाला गोलात, कुणाला अंड्यात. नवरा श्रीकृष्ण असता तर म्हणाला असता, हे काय खूळ. पण मिलला टाळं लागल्यापासून तो मानपूरला एका टायरवाल्याकडे लागला होता आणि रविवारचाच घरी यायचा. कापणं सोपं होतं. अवघड गेलं ते बाकीचं काढून टाकणं. इतका छान कागद केरात टाकायचा? तिनं बाकीचं उलटं केलं, पाठीवर पट्टीनं रेघा मारल्या, चिठ्ठ्या कापल्या, मैद्याची खळ शिजवली आणि फोटोची बाजू पत्र्याला लावून डब्यांवर चिकटवून टाकल्या. स्वतःवरच खूश झाली होती ती.

"बाबूजी, पाया पडते," बाहेरच्या खोलीतून आवाज आला.

"कोण? लक्ष्मी? ये, ये. बस. चारू, पाणी आण गं," नाना म्हणाले.

नाना मिलमध्ये टाइमकीपर होते. लक्ष्मीबाईंचा नवरा जयसिंगराव तिथेच सायझिंग खात्यात, म्हणजे जिथे सुताला खळ लावतात तिथे. जयसिंगराव गेल्या वर्षी गेले. मिल बंद झाली तेव्हा धडधाकट होते. मग नुसते बसून राहायला लागले, आणि बसल्या बसल्याच एक दिवस गेले.

"बसायला वेळ नाही, बाबूजी. उद्या यांचं वर्षश्राद्ध."

"वर्ष झालं? अरे देवा."

"घरात यांचा एक फोटो नाही. तेराव्याला पाटावर नारळ मांडला होता, गुरुजी म्हणाले चालतं. पण आता पोरगं पीथमपूरहून येतंय सुनेला घेऊन. म्हणतो, आई, माळ कोणाला घालू, पुन्हा नारळालाच?"

"मिलच्या पासावर होता की त्याचा फोटो!"

"तोच तर! टाळं लागायच्या आधी सगळ्यांचे पास जमा करून घेतले ना. नवे देतो म्हणाले. मी फाटकावर दहा चकरा मारल्या. चौकीदार म्हणतो, माताजी, अंदर तो अब चूहे हैं, उन्हीं से पूछो."

"आणि लग्नातला?"

"फोटोवाल्याचा रोल नवरदेवाचा नंबर यायच्या आधीच खतम झाला, बाबूजी. माझा आहे, एकटीचा. मुंडावळ्या बांधून बसलेली." लक्ष्मीबाई हसल्या, पण थोडंच. "काल भाजीबाजारात खात्यातले एक जण भेटले. म्हणाले, वेडी आहेस का, बाबूजींकडे झांकीचा फोटो आहे, त्यात जयसिंगराव उभे आहेत. खरं आहे का?"

चारुलता पाण्याचे पेले घेऊन दाराशी पोचली होती. ती तिथेच थांबली.

"आहे म्हणजे!" नानांचा आवाज एकदम पंधरा वर्षांनी लहान झाला. "अठ्ठ्याहत्तर सालची अनंत चतुर्दशी. मिरवणुकीतल्या चित्ररथावर आपल्या मिलनं समुद्रमंथन केलं होतं. काय ती गाडी, काय ते दिवे! मंदार पर्वत फिरायचा, वासुकी डोलायचा, आणि ते सगळं फिरवायला खाली दांडा धरून तुझा नवरा. रात्रभर. सकाळी सगळ्यांचा फोटो काढला. अकरा जण. डावीकडून पहिला सुतार, मग दोघे रंगारी..." नानांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, समोरची लक्ष्मीबाईही त्यांना धुरकट दिसत असणार, पण पंधरा वर्षांपूर्वीचा फोटो लख्ख दिसत होता. "मधोमध मी, फेटा बांधून. माझ्या शेजारी मॅनेजरसाहेब, पांढरे बूट घालून आला होता गृहस्थ. आणि अगदी उजव्या टोकाला जयसिंगराव, एक हात दांड्यावर. चारू, माझ्या ट्रंकेतला तो फोटो आण. वर्तमानपत्रात गुंडाळलेला."

"दोनपर्यंत दिला तर उद्या सकाळी मोठा करून देतो म्हणालाय फोटोवाला," लक्ष्मीबाई म्हणाल्या. "मग दुकान बंद करून तो उज्जैनला चाललाय, लग्नाचे फोटो काढायला. संध्याकाळी येईल तेव्हा बनवेल."

चारुलतानं पेले खाली ठेवले. एकातलं पाणी सांडलं.

"बघते हं नाना," ती म्हणाली.

नाना, फेट्यासकट, स्क्रॅपबुकाच्या सातव्या पानावर होते. अंड्यात. उरलेले दहा जण आणि समुद्रमंथन मसाल्याच्या डब्यांवर होतं.

स्वयंपाकघरात येऊन तिनं दार लोटलं. बारा डबे होते. काहींवर झांकीच्या फोटोचे तुकडे, काहींवर मंजुषाच्या लग्नाचे, काहींवर कुणाच्या तरी बागेचे. कुठलं कुठे, कसं कळणार? पाठी सगळ्यांच्या सारख्याच पांढऱ्या.

लहानपणी तिचा भाऊ पाकिटांवरची तिकिटं वाफेवर धरून सोडवायचा. तिनं पातेल्यात पाणी चढवलं, गॅस मोठा केला आणि हाताला आला तो डबा वाफेवर धरला. जिऱ्याचा. चटके बसत होते. बाहेर नाना झांकीच्या मिरवणुकीची सगळी हकिगत सांगत होते, म्हणजे अजून थोडा वेळ होता. चिठ्ठीचा कोपरा सुटला. तिनं नखानं धरून ओढला.

चिठ्ठी आली, पण चित्र धड नाही आलं. चित्र दुधावरच्या सायीसारखं घसरलं, थोडं पत्र्यावर राहिलं आणि बाकीचं चिठ्ठीवर काळपट फराटा होऊन बसलं. त्यात एक सदऱ्याचं बटण तेवढं ओळखू येत होतं. बटणाच्या वर हनुवटी असणार. कुणाची तरी. तिनं बोटानं सरळ करायला बघितलं, तर तीही गेली.

मॅनेजर असू दे, ती मनात म्हणाली. देवा, मॅनेजर असू दे, नाहीतर सुतार. मग सुताराचंही वाईट वाटलं. त्याच्याही घरी कुणी असेलच.

"वहिनी, सापडला का?"

लक्ष्मीबाई दार ढकलून आत आल्या होत्या. त्यांनी उकळतं पातेलं पाहिलं, मांडून ठेवलेले डबे पाहिले, चारुलताच्या हातातली पांढरी चिठ्ठी पाहिली. एका बाजूला जिरे, दुसऱ्या बाजूला काळं.

आता खोटं बोलायला जागा नव्हती, आणि चारुलताला ते सुचलंही नाही. "मावशी, मी तो फोटो कापला," ती म्हणाली. "नानांसाठी वही करत होते. नानांना तेवढं काढून घेतलं आणि बाकीच्याच्या या चिठ्ठ्या केल्या. मला माहीत नव्हतं हो."

"कापला?"

"हो."

"सगळ्यांना?"

"नाना सोडून."

पातेल्यातलं पाणी नुसतं खदखदत होतं. चारुलताला वाटलं, आता ओरडतील, निदान रडतील. दोन्ही चाललं असतं. लक्ष्मीबाईंनी हात पुढे केला आणि गॅस बंद केला.

"कशानं चिकटवलंत?"

"खळीनं. मैद्याच्या."

"मोरचूद घातलेली?"

"नाही हो, मसाल्याच्या डब्यांना मोरचूद कोण लावतं? विष ते."

"मग सुटेल." त्यांनी पदर खोचला. "गरम पाणी दाखवायचं नाही खळीला. आणखीन शिजते, आणखीन धरते. बत्तीस वर्षं यांच्या बाह्या धुतल्यात मी. पत्र्यासारख्या व्हायच्या खळ लागून. लग्न झाल्यावर पहिल्यांदा कढत पाण्यात घातला होता सदरा, तर यांनी दोन दिवस बनियनवर ड्यूटी केली. माठातलं पाणी द्या. आणि जुनं मऊ धोतर असेल तर फाडा."

चारुलतानं नानांचं धोतर फाडलं. अकरा डब्यांवर अकरा ओल्या घड्या बसल्या. लक्ष्मीबाई एकेक घडी हलक्या हातानं दाबत होत्या, तापानं फणफणलेल्या पोराच्या कपाळावर दाबावी तशी.

"किती वेळ लागेल?"

"सुटेल तेव्हा सुटेल."

"बारा वाजत आलेत, मावशी."

"मग काय, ओढायचं? ओढून बघितलंत ना एक."

चारुलतानं सुकत आलेली एक घडी पुन्हा भिजवली.

"अगं चारू, फोटो शोधतेस की काढतेस?" बाहेरून नाना हसत म्हणाले. मग त्यांची काठी वाजली. भिंत धरत ते स्वयंपाकघराच्या दारात आले. "काय चाललंय काय?"

त्यांना सांगावंच लागलं. पंचाहत्तरीची वही, दातेरी कात्री, सातवं पान, सगळं. चारुलता सांगत असताना नाना तिच्या आवाजाच्या दिशेनं तोंड करून उभे होते.

"म्हणजे मला कापून काढलंस."

"तुम्हाला ठेवलं, नाना. बाकीच्यांना..."

"अगं, माझे एकट्याचे दहा फोटो पडलेत. हे दहा जण सोबत होते म्हणून तो फोटो होता." ते आवाज चढवून बोलले नाहीत. हिशेबातली चूक दाखवताना बोलायचे तसेच बोलले. मग काठी भिंतीला टेकवून पाटावर बसले. "दे. एखादा डबा माझ्याकडे दे. धरून तरी बसतो."

तिनं त्यांच्या हातात ओव्याचा डबा दिला.

तिघं बसून राहिली. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. शेजारच्या घरी केबलवर कुठली तरी मालिका लागली होती, तिच्यातली बाई दर दोन मिनिटांनी किंचाळत होती. साडेबाराला लक्ष्मीबाईंनी पहिली घडी उचलली, चिठ्ठीच्या काठाखाली नख घातलं, परत ठेवली. पाणी शिंपडलं. एकला पाच कमी असताना पुन्हा उचलली. यावेळी चिठ्ठी ओल्या केळीच्या पानासारखी अलगद उठली. त्यांनी ती उताण्या ताटावर उलटी ठेवली.

धणे. मांडवाचा खांब आणि मंजुषाच्या सासूबाईंचं कोपर.

मोहरी. गुलाबाची झाडं.

बडीशेप. चारुलता म्हणाली, "बूट आहेत. पांढरे."

"मॅनेजर," नाना म्हणाले. "म्हणजे जवळ आलात. त्याच्या उजवीकडे तिघं, मग जयसिंगराव."

हिंगाच्या चिठ्ठीवर नुसतं आकाश होतं. हळदीवर दोन रंगारी अख्खे निघाले, खांद्यावर हात टाकलेले, आणि एवढ्या सगळ्यांत तेवढ्यानंही चारुलताला धीर आला. मग लक्ष्मीबाईंनी नानांच्या हातातला ओव्याचा डबा घेतला. त्यावरून आली वासुकीची शेपटी, एक लोखंडी दांडा आणि दांड्यावर एक हात. नखाएवढा.

लक्ष्मीबाईंनी ती चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली. "हा यांचा," त्या म्हणाल्या.

"कशावरून?"

"करंगळी बघा. रोलरमध्ये सापडली होती, तेव्हापासून अशीच उभी राहायची. चहा पितानासुद्धा." त्यांनी चिठ्ठी ताटात ठेवली, पण बोट तिच्यापाशीच राहिलं. "चेहरा बघा आता, वहिनी. लवकर."

चेहरा मेथीवर होता.

टोपी होती, कपाळ होतं, भुवया होत्या. डोळे थेट समोर बघत होते, रात्रभर जागल्यासारखे. नाक होतं. नाकाच्या खाली चारुलताच्या पट्टीची रेघ होती, आणि रेघेच्या खाली काही नव्हतं.

चारुलतानं न विचारता जिऱ्याची चिठ्ठी आणून त्याखाली लावली. काठाला काठ बरोबर जुळला. खाली काळा फराटा आणि सदऱ्याचं बटण.

"जिऱ्यात गेलं का?" लक्ष्मीबाईंनी विचारलं.

चारुलतानं होकारार्थी मान हलवली. नानांना दिसत नव्हतं, ते विचारत राहिले, "मिळाला का? अगं, बोला ना कुणीतरी. मिळाला का जयसिंगराव?"

"मिळाले, बाबूजी," लक्ष्मीबाई म्हणाल्या. "अर्धे. चला वहिनी, दीड वाजला."

छत्रीबागेच्या गल्लीतून स्टुडिओपर्यंत दहा मिनिटांची वाट. चारुलतानं चिठ्ठी दोन टीपकागदांत घालून वहीत ठेवली होती आणि वही छातीशी धरली होती. लक्ष्मीबाई पुढे चालत होत्या, भराभर. काहीतरी बोला हो, चारुलता मनात म्हणत होती, शिव्या तरी द्या. एका सायकलवाल्यानं घंटी वाजवली तेव्हा लक्ष्मीबाईंनी तिला दंडाला धरून बाजूला ओढलं आणि लगेच हात सोडला. तेवढंच.

स्टुडिओवाला मुकुल शटर अर्धं ओढून कॅमेऱ्याची बॅग भरत होता. "अरे माताजी, मी तर निकलतच होतो," म्हणत त्यानं चिठ्ठी घेतली, भिंगाखाली धरली आणि शीळ वाजवली. "आँखें तो एकदम झकास आली आहेत, भिया. हे मोठं होईल. पण खालचं?"

"खालचं नाही," चारुलता म्हणाली. "माझ्या हातून गेलं."

"टेन्शन नका घेऊ. मी ब्रशनं बनवून देतो ना. कितीतरी लोकांचे बनवलेत. आत्ता पेन्सिलनं कच्चं काढून ठेवतो, रात्री येऊन प्रिंटवर उतरवीन." त्यानं कागद ओढला. "बोला, कसं बनवू? हसरं करू? आजकाल सगळे हसरंच मागतात."

"हसरं नको," लक्ष्मीबाई म्हणाल्या.

"मग? कैसा था?"

लक्ष्मीबाई चारुलताकडे वळल्या. सकाळपासून पहिल्यांदा त्यांनी तिच्याकडे नीट बघितलं. "वहिनी, तुम्ही सांगा. मी तर हा फोटो आजच बघतेय. तुम्ही कापताना बघितलं असेल ना?"

तोंड मिटलेलं होतं, असं म्हणणं सोपं होतं. गंभीर होते, असं म्हटलं तर कुणाला पटलं नसतं? मुकुल पेन्सिल धरून वाट बघत होता. भिंतीवरच्या घड्याळात दोनला बारा मिनिटं होती. चारुलतानं आठवायचा खरंच प्रयत्न केला. तिला कात्रीचे दाते आठवले, नानांच्या फेट्याची कड आठवली, ती कड कापली जाऊ नये म्हणून रोखलेला श्वास आठवला. उजव्या टोकाला काय होतं? काहीच नव्हतं. पांढरी पाठ होती आणि तिच्यावर पट्टी होती.

"मावशी, मी बघितलंच नाही," ती म्हणाली. "नाना काढून घेतले आणि फोटो उलटा केला. मागच्या बाजूनंच कापलं. एकाचाही चेहरा नाही बघितला मी."

मुकुलनं उगाच पेन्सिलीचं टोक तपासलं.

"खालचा ओठ जरा..." लक्ष्मीबाई मुकुलला म्हणाल्या आणि थांबल्या. "म्हणजे जाड नाही. पण काम करताना असा आत... नाही, आत नाही पूर्ण." त्यांनी हवेत बोट फिरवलं. "डावीकडे इथे एक... काय म्हणतात त्याला?"

"खड्डा? खळी?"

"नाही रे बाबा. दाबल्यासारखं." त्यांनी हवेतलं बोट खाली घेतलं. "बत्तीस वर्षं समोर बसून जेवले ते. मला सांगता का येत नाही?"

"येईल, माताजी. सावकाश."

"सावकाश कुठलं, तुला उज्जैनला जायचंय."

त्यांनी इकडेतिकडे बघितलं. पडद्यापुढे फोटो काढायला बसवतात ते स्टूल होतं. लक्ष्मीबाई त्यावर जाऊन बसल्या. डोक्यावरचा पदर मागे सारला, डोळे मिटले आणि तोंड हलवून बघू लागल्या. एकदा नाही जमलं. दुसऱ्यांदाही नाही. मग खालचा ओठ वरच्याखाली अर्धा गेला, डावा कोपरा घट्ट दाबला गेला, त्या बाजूचा गाल आत ओढला गेला, जड काही फिरवताना माणूस करतो तसा. आणि तिथे दुसरंच कुणीतरी येऊन बसलं. एक दमलेला, काही न बोलणारा पुरुष.

"हां," मुकुल हळूच म्हणाला. "बस, बस. आता हिलना मत." त्यानं वरचा दिवा लावला आणि पेन्सिल चालवायला सुरुवात केली. "मिशी कशी होती?"

लक्ष्मीबाईंनी ओठ न हलवता वरच्या ओठावर बोटानं रेघ ओढली. बारीक, दोन्हीकडे ओठाच्या आतच संपणारी.

दारातला उजेड आपल्यामुळे अडतोय हे चारुलताच्या लक्षात आलं. ती भिंतीला लागून उभी राहिली आणि त्या तोंडाकडे बघत राहिली. वहीत पांढरी पानं होती, आत नाना अंड्यात होते. तिनं वही बाकावर ठेवून दिली.

दोन वाजले. ओठाचा दाबलेला कोपरा थरथरायला लागला, मिटलेल्या डोळ्यांतून पाणी येऊन गालाच्या त्या ओढलेल्या जागेत साठलं.

"फक्त एक मिनट, माताजी," मुकुल म्हणाला.

लक्ष्मीबाईंनी कोपरा पुन्हा घट्ट दाबला.